चित्रपुस्तक आणि वर्गातली दांडगाई

लहान मुलांची दांडगाई आपण फारशी मनावर घेत नाही. ‘पोरांचे भांडण, संध्याकाळी पुन्हा एक’ असे म्हणून मोकळे होतो. परंतु भांडण आणि दांडगाई यांत भेद आहे. भांडणात दोघे बरोबरीचे असतात. दांडगाईत एक दुबळा असतो, आणि प्रकार रोजचा असतो. तीत मारच असतो असे नाही. बोलण्याची नक्कल, फाटक्या सदऱ्याची थट्टा, जेवताना दूर सरकून बसणे, एवढ्यानेही मुलाचे शाळेवरचे मन उडते.

जव्हार-मोखाड्याच्या भागात या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. येथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची मुले शाळेत एकत्र येतात. घरची बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी. आश्रमशाळेत राहणारे मूल तर रात्रीही घरी जात नाही. दिवसा ज्याने चिडवले, त्याच्याच शेजारी त्याला झोपावे लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. पण तो कायदा मुख्यतः मोठ्यांना आवर घालतो. मुलामुलांत काय चालते, तेथवर त्याचा हात कसा पोहोचणार?

मग उपदेश करावा काय? ‘कोणाला चिडवू नये’ हे वाक्य मूल पाठ करते आणि मधल्या सुट्टीत विसरते. शिवाय वर्गात नाव घेऊन बोलले, तर ज्याचा छळ झाला तोच अधिक उघडा पडतो. चित्रपुस्तकाचे महत्त्व येथे आहे. चित्रातले मूल आपल्या गावचे नसते, म्हणून त्याच्याविषयी सर्वांना मोकळेपणी बोलता येते. आणि चित्र कोणत्याही बोलीत वाचता येते.

तारो याशिमा या जपानी चित्रकाराने अमेरिकेत असताना केलेले ‘क्रो बॉय’ हे पुस्तक १९५५ साली निघाले. त्यातला चिबी हा डोंगरापलीकडून रोज चालत शाळेत येणारा बुजरा मुलगा. पावसात तो गवताचे पांघरूण घेऊन येतो, आपल्याकडे इरले घेऊन यावे तसा. मुले त्याला मठ्ठ म्हणतात, दूर ठेवतात. सहाव्या वर्षी नवे शिक्षक येतात. रानद्राक्षे आणि रानकंद कोठे सापडतात हे या मुलाला ठाऊक आहे, असे त्यांना आढळते. ते त्याची चित्रे भिंतीवर लावतात. शेवटी तो कावळ्यांचे निरनिराळे आवाज काढून दाखवतो आणि सारी शाळा रडते. इतकी वर्षे आपण काय केले, हे मुलांना कळते.

येथे शिक्षक कोणाला शिक्षा करीत नाहीत, कोणाकडून क्षमाही मागवीत नाहीत. ज्ञान म्हणजे काय, याचे वर्गातले माप तेवढे ते बदलतात. जव्हारच्या रानातल्या मुलाला रानभाज्या, पाखरे, खेकड्यांची बिळे ठाऊक असतात. त्याला वर्गात मान मिळाला, तर त्याच्या बोलीला हसणारे आपोआप कमी होतात. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे कोसबाडला जे काम केले, त्याचे मर्म हेच होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली.

असे पुस्तक वाचताना घाई करू नये. पान उघडून थोडे थांबावे. ‘यात एकटे कोण? बाकीचे कोठे पाहतात? तू तेथे असतास तर कोठे उभा राहिला असतास?’ एवढेच विचारावे. बघ्यांविषयीचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण वर्गात बघेच अधिक असतात आणि दांडगाई त्यांच्या हसण्यावर जगते. उत्तर मुलाने आपल्या बोलीत द्यावे. तात्पर्य शिक्षकाने सांगू नये, आणि ‘तुला कोण त्रास देतो?’ हे तर चारचौघांत मुळीच विचारू नये. ते एकांतात ऐकावे. नंतर गोष्टीची सोंगे करावीत. बोहाड्याच्या या मुलखात ते मुलांना शिकवावे लागत नाही. मात्र चिडवणाऱ्याचे आणि एकट्याचे सोंग आळीपाळीने सर्वांकडे जावे.

आपण शहरवासी या शाळांना वह्या, कपडे, खाऊ पाठवतो. त्यांबरोबर मोठ्या चित्रांची चार पुस्तकेही पाठवावीत. पण ती कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाताळण्याने फाटावीत, एवढे सांगून.