आजोबांचे हाली सिक्के आणि आयकराचे रिटर्न

नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत, देवघरात किंवा आजीच्या पेटीत, चारमिनारचे चित्र असलेला चांदीचा रुपया अजूनही निघतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा हा हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश भारताचे सहा रुपये, असा त्याचा भाव असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तरी हे चलन १९५९ पर्यंत वापरात राहिले. चारमिनारच्या दारात अरबी ‘ऐन’ हे अक्षर असेल, तर रुपया मीर उस्मान अली खानाच्या काळातला. अशी नाणी, संस्थानी तिकिटे, जुन्या नोटा आणि हल्लीच्या मुलांकडची पोकेमॉनची कार्डे आता मोबाइलवरून देशभर विकली जातात. पैसे थेट खात्यात जमा होतात, आणि त्या रकमेचे रिटर्नमध्ये काय करायचे, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

भारताच्या आयकर कायद्यात ‘छंद’ असा वेगळा कप्पा नाही. विकलेली वस्तू एक तर भांडवली मालमत्ता असते, नाही तर व्यापारातला माल. रोजच्या वापरातल्या जंगम वस्तूंना मात्र यातून सूट आहे. जुनी सायकल, कपाट किंवा मोबाइल विकून चार पैसे जास्त आले, तर त्यावर कर नाही. नाणी या सवलतीत बसतात का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच दिले आहे. धोलपूरचे महाराज राणा हेमंतसिंह यांच्याकडची सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी लक्ष्मीपूजनाला मांडल्या जात, म्हणून त्या वैयक्तिक वापरातल्या मानाव्यात, असा दावा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. वर्षातून एकदा पूजेत मांडल्याने वस्तू घरच्या वापरातली ठरत नाही. माणसाच्या नित्य वापराशी तिचे जवळचे नाते हवे. दिवाळीत देवापुढे मांडला जाणारा हाली रुपया याच निकालाच्या कक्षेत येतो. पुतळ्यांच्या माळेचे, म्हणजे दागिन्याचे, तर आणखी स्पष्ट आहे. दागिने, चित्रे, शिल्पे आणि पुरातत्त्वीय संग्रह यांना कायद्याने नाव घेऊन सवलतीतून वगळले आहे.

एखाद्याने वर्षानुवर्षे जपलेली नाणी अधूनमधून विकली, तर होतो तो भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून, वस्तू २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो आणि त्यावर १२.५ टक्के कर लागतो. २४ महिन्यांच्या आत विकली, तर नफा इतर उत्पन्नात मिळवून नेहमीच्या टप्प्यांनुसार कर बसतो. समजा, नांदेडच्या एका संग्राहकाने २०२२ मध्ये ९,००० रुपयांना घेतलेला संच २०२५ मध्ये २४,००० रुपयांना विकला. संकेतस्थळाचे कमिशन १,२०० आणि विम्यासह कुरिअर ३०० रुपये. नफा १३,५००, त्यावर कर १,६८७ रुपये ५० पैसे आणि ४ टक्के उपकर धरून १,७५५ रुपये. कर २४,००० वर नाही, १३,५०० वर आहे. पण ९,००० रुपयांना घेतल्याची पावती नसेल, तर हा हिशेब सिद्ध करणे अवघड होते.

वारशाने आलेल्या नाण्यांचे गणित वेगळे आहे. वारसाहक्काने वस्तू मिळाली, म्हणून कर लागत नाही. ती विकताना मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्याच्याकडे ती होती तो काळ, दोन्ही वारसाच्या हिशेबात धरले जातात. आजोबांनी हाली रुपया किती रुपयांना घेतला, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून १ एप्रिल २००१ पूर्वीच्या वस्तूंसाठी त्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. रक्कम मोठी असेल, तर नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा दाखला घ्यावा. ही सोय विकणाऱ्याच्या फायद्याची आहे, आणि ती माहीत नसल्याने पुष्कळ लोक सगळी विक्री नफ्यात मोजतात.

छंदाचा व्यापार केव्हा होतो, याची ठरावीक व्याख्या नाही. व्यंकटस्वामी नायडू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एखादा एकच व्यवहारही व्यापारी स्वरूपाचा असू शकतो. सगळी परिस्थिती एकत्र पाहावी लागते. विकण्याच्याच हेतूने माल घेणे, महिन्याला वारंवार व्यवहार करणे, इतरांची नाणी कमिशनवर विकणे, ही व्यापाराची चिन्हे. त्या वेळी नफा व्यवसायाचे उत्पन्न ठरतो. लहान विक्रेत्याला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा अंदाजे नफा दाखवण्याची सोय आहे. पगारदाराने रिटर्नचा फॉर्मही बदलायला हवा. शिक्षक किंवा बँक कर्मचारी नेहमी ‘सहज’ हा पहिला फॉर्म भरतात. नाण्यांवर भांडवली नफा झाला, तर तो चालत नाही, दुसरा फॉर्म लागतो.

ऑनलाइन विक्रीची माहिती आयकर खात्याकडे आपोआप पोचते. ऑक्टोबर २०२० पासून ई-कॉमर्स कंपनी विक्रेत्याच्या एकूण विक्रीतून कर कापून घेते. दर आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का आहे. ज्या व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत आहे आणि जिने पॅन किंवा आधार दिले आहे, तिचा कर कापला जात नाही. क्रमांकच दिला नाही, तर ५ टक्के जातात. कापलेला कर वार्षिक माहिती पत्रकात दिसतो. तिथे एकूण विक्री असते, नफा नसतो, आणि ती रक्कम पाहून खात्याची विचारणा आली, तर उत्तर विकणाऱ्याकडेच हवे. अमेरिकेत अशी माहिती देण्याची मर्यादा २०२१ च्या कायद्याने ६०० डॉलरवर आणली होती. अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलल्यावर २०२५ मध्ये ती पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहारांवर नेण्यात आली.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांवर शुल्क किंवा कर मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये. बँक अशा व्यवहारात नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा नाण्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. उस्मान अलीच्या नाण्यावरचे हिजरी १३३० म्हणजे इ.स. १९१२, तेव्हा सुरुवातीचे हाली रुपये ही मर्यादा ओलांडून गेले आहेत.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, पण खरेदीची तारीख आणि किंमत दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावरच राहिली. ज्यांच्या घरी आजोबांची नाणी आहेत, त्यांनी ती कोणाकडून आली, कधी आली, किती आहेत, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत उतरवावे, प्रत्येक नाण्याचा फोटो काढावा आणि वही त्या नाण्यांच्या पेटीतच ठेवावी.