क्रमांक विकत मिळत नाही: एसइओ कंपनी कशी पारखावी?

आपल्या मंडळींपैकी अनेकजण आता नोकरीबरोबर, किंवा नोकरी सोडून, स्वतःच्या व्यवसायात उतरले आहेत. कोणाचा दातांचा दवाखाना आहे, कोणी करसल्लागार आहे, कोणी केटरिंगच्या ऑर्डरी घेते, तर कोणी तबल्याचे वर्ग चालवते. या सर्वांना इ-मेलने वा फोनवर एक निरोप हमखास येतो: तुमच्या वेबसाइटमध्ये गंभीर दोष आहेत, दरमहा अमुक डॉलर द्या, ३० दिवसांत गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून दाखवतो. या कामाला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन', थोडक्यात एसइओ म्हणतात. काम खरे आहे आणि ते प्रामाणिकपणे करणारेही आहेत. परंतु गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर चालणारी दुकानेही पुष्कळ आहेत. तेव्हा पारख कशी करावी, ते पाहू.

प्रथम यंत्र कसे चालते हे समजून घेतले पाहिजे. सर्च इंजिनचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो, वाचलेल्या पानांची सूची करून ठेवतो, आणि कोणी काही शोधले की त्या सूचीतून योग्य वाटणारी पाने क्रमाने दाखवतो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की एका वेबसाइटने दुसरीची लिंक देणे म्हणजे तिच्या बाजूने मत देणे. आज क्रम ठरवताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, तरी लिंकला महत्त्व आहेच. आणि जिथे मताला किंमत आली, तिथे मतांची खरेदी-विक्रीही आली!

पैसे भरून गूगलवर जाहिरात जरूर देता येते, पण तिच्यावर तसे लिहिलेले असते. खालच्या नेहमीच्या यादीतला क्रमांक गूगल विकत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे. सुधारणेचा परिणाम दिसायला साधारणपणे चार महिने ते एक वर्ष लागते, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे '३० दिवस' आणि 'हमी' हे दोन शब्द ऐकू आले की संभाषण तिथेच थांबवायला हरकत नाही. 'आम्ही गूगलतर्फे बोलतो' असे सांगणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. २०१८ साली फेडरल ट्रेड कमिशनने फ्लोरिडातील अशाच एका टोळीला कोर्टात खेचले. पैसे भरले नाहीत तर तुमचा धंदा गूगलवरून नाहीसा होईल, अशी भीती ही मंडळी छोट्या दुकानदारांना घालत असत.

फसवणुकीत फक्त फी बुडते असे नाही. आडमार्गाने केलेल्या कामाची शिक्षा कंपनीला नव्हे, वेबसाइटच्या मालकाला होते. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने काही काळ यादीतून काढून टाकली, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरेच दाखवले जात होते. २०११ साली जे. सी. पेनी या दुकानसाखळीसाठी असंबद्ध वेबसाइटांवर पेरलेल्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणल्या. गूगलने कारवाई केली आणि पेनीचे क्रमांक कोसळले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे सांगून पेनीने एसइओ कंपनीला काढून टाकले, पण नुकसान पेनीचेच झाले. एवढ्या मोठ्या कंपन्या त्यातून सावरल्या. ज्याचे निम्मे नवे पेशंट गूगलवरून येतात अशा दवाखान्याला मात्र ते जड जाईल.

म्हणून कंपनीला पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला, नेमके काय करणार? 'आमचे खास तंत्र आहे' हे उत्तर पुरेसे नाही. कोणत्या पानात काय बदल आणि कशासाठी, हे लेखी मागावे. सुरुवातीला तपासणीपुरता, फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा. बदल करण्याचा अधिकार अहवाल पटल्यावर द्यावा.

दुसरा, लिंका कुठून आणणार? 'महिन्याला ५०० लिंका' असे उत्तर आले तर नमस्कार करावा. ग्राहकांचे अभिप्राय 'मिळवून देतो' म्हणणाऱ्यांनाही तसेच. खोटे अभिप्राय विकणे वा विकत घेणे यावर ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल नियमाने बंदी असून मोठा दंड होऊ शकतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, खाती कोणाच्या नावावर राहणार? डोमेनचे नाव, होस्टिंग, गूगल सर्च कन्सोल आणि नकाशावर दिसणारे बिझनेस प्रोफाइल यांची मालकी आपल्याच इ-मेलवर हवी, आणि कंपनीला फक्त काम करण्यापुरती परवानगी. नाहीतर करार मोडताना आपल्याच दुकानाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे मागण्याची वेळ येते. लिहून घेतलेल्या मजकुराचेही तसेच आहे. अमेरिकन कायद्यानुसार बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. तो आपल्याला मिळेल असे कलम करारात असावे.

चौथा, यश कशावर मोजणार? 'तुमचे नाव टाकले की तुम्हीच पहिले येता' यात काही कर्तृत्व नाही. तुमचे नाव ज्याला माहीत आहे तो तुम्हाला शोधून काढणारच. आलेले फोन, घेतलेल्या अपॉइंटमेंटी, नवी गिऱ्हाइके हेच खरे माप.

अलीकडे 'एआयच्या उत्तरांत तुमचे नाव आणतो' अशा नव्या पाट्या लागल्या आहेत. त्यांनाही हेच प्रश्न विचारावेत.

शेवटी आपल्या समाजापुरते थोडेसे. कित्येकदा हे काम ओळखीतल्या कोणाला किंवा पुण्यातल्या भाच्याच्या कंपनीला दिले जाते. त्यात गैर काही नाही. पण ओळख असल्यामुळे कागद मागायचा संकोच वाटतो आणि सगळे तोंडी ठरते. पुढे बिनसले तर व्यवहार आणि नाते दोन्ही जाते. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल विनामूल्य आहेत. कोणालाही काम देण्याआधी एका रविवारी बसून ती खाती स्वतःच्या नावाने उघडावीत, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, आणि मगच फोन करावा.