नगरपालिकेची इमारत आणि तिचा वास्तुशिल्पी

लहान गावाच्या नगरपालिकेला स्वतःची नवी इमारत बांधण्याचा योग दोन-तीन पिढ्यांतून एकदाच येतो. जुन्या कचेरीचे वासे वाळवीने पोखरलेले असतात, पावसाळ्यात जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांवर ताडपत्री अंथरावी लागते, आणि घरपट्टी भरावयास आलेल्या माणसाला धड उभे राहण्यापुरतीही जागा नसते. अखेर केव्हातरी अनुदान मंजूर होते, ठराव संमत होतो, आणि नगरसेवकांत चर्चेला प्रारंभ होतो. जागा कोणती आणि पैसा किती, या दोन प्रश्नांवर ही चर्चा महिनोन्‌महिने चालते. आराखडा कोणाकडून करून घ्यावयाचा, हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा एखाद्या सभेच्या शेवटी, घड्याळाकडे पाहत, पाच मिनिटांत निकालात निघतो. वास्तविक जागा आणि पैसा यांची उत्तरे बव्हंशी परिस्थितीच देत असते. निवडीचे खरे स्वातंत्र्य नगरपालिकेला असते ते या तिसऱ्या प्रश्नात. आणि तेच ती निष्काळजीपणे गमावून बसते.

हा प्रश्न सोडविण्याच्या रूढ वाटा तीन. पहिली वाट तयार नमुना-नकाशाची. एकच नकाशा दहा गावांना लागू केला की वेळ वाचतो, मंजुरीही लवकर मिळते. पण कोकणातल्या पावसाला सोसणारे छप्पर आणि मराठवाड्यातल्या उन्हाला सोसणारी भिंत या एकच गोष्टी नव्हेत, हे त्या नकाशाला ठाऊक नसते. दुसरी वाट ओळखीची. गावातला कोणी होतकरू आरेखक घरांचे नकाशे स्वस्तात करून देत असतो. त्याच्याच गळ्यात हेही काम घातले जाते. त्याच्या हेतूविषयी शंका नसली, तरी दीडशे माणसांचे सभागृह आणि दोन खोल्यांचे घर यांतले अंतर केवळ हेतूने भरून निघत नाही. तिसरी वाट सर्वांत निर्दोष भासते. ती म्हणजे निविदा मागवावयाच्या आणि जो सर्वांत कमी शुल्क मागेल त्याला काम द्यावयाचे. हिशेब तपासनीसाला यात आक्षेप काढता येत नाही. म्हणूनच ती अधिक फसवी आहे.

एक साधा हिशेब पाहावा. समजा, इमारतीचा खर्च १० कोटी रुपये आहे. एका वास्तुशिल्प्याने शेकडा चार, म्हणजे ४० लाख रुपये शुल्क मागितले. दुसऱ्याने शेकडा दोन, म्हणजे २० लाख. दुसऱ्याला नेमले तर २० लाख वाचले असे कागदावर दिसते. परंतु अर्ध्या शुल्कात काम करणारा मनुष्य नकाशांना वेळही तितकाच कमी देणार. जिना कोठे वळतो, तुळई आणि पाण्याची नळी एकमेकींच्या आड येतात काय, हे प्रश्न मग कागदावर न सुटता प्रत्यक्ष बांधकामावर सुटू लागतात, आणि तेथे प्रत्येक बदल ठेकेदाराच्या दराने मोजावा लागतो. अशा बदलांनी खर्च शेकडा पाचच वाढला, तरी ते ५० लाख होतात. शिवाय गळके छप्पर आणि भर दुपारी दिवे लावावे लागणारे अंधारे दालन पुढील पन्नास वर्षे गावाच्या माथी बसते ते वेगळेच. सिमेंट किंवा लोखंड खरेदी करताना प्रत ठरलेली असते, म्हणून तेथे दर हाच निकष योग्य ठरतो. वास्तुशिल्प्याची बुद्धी अशी प्रत ठरवून पोत्यात भरता येत नाही.

मग निवड करावी कशी? पहिले काम वास्तुशिल्प्याचे नसून खुद्द नगरपालिकेचे असते. आपल्याला काय हवे, हे तिने लिहून काढले पाहिजे. रोज किती माणसे येतात, त्यांतली किती कर भरण्यास आणि किती दाखल्यांसाठी येतात. म्हाताऱ्या माणसाला जिना न चढता कोणती कामे उरकता आली पाहिजेत. जुने दप्तर किती कपाटांचे आहे आणि ते ओलीपासून कसे वाचावयाचे. सभेला प्रेक्षक बसणार असतील तर किती. सफाई कामगार हजेरीला येतात तेव्हा त्यांनी कोठे उभे राहावयाचे. ही टिपणे चार-पाच पानांहून अधिक होत नाहीत, पण ती करण्यासाठी मुख्याधिकाऱ्याने खिडकीवरच्या कारकुनापासून शिपायापर्यंत सर्वांशी बोलावे लागते. ज्या नगरपालिकेने हे लिहिले नाही, तिच्यापुढे आलेले आराखडे ती केवळ रंगीत चित्रे म्हणूनच पाहू शकते. मग ज्याच्या चित्रातली झाडे अधिक हिरवी, त्याचाच आराखडा पसंत पडतो.

एका लहान वस्तीने अशी निवड नीट केली, तर तिचे फळ केवढे मोठे असू शकते, याचा एक दाखला फिनलंडमध्ये आहे. त्या देशाच्या मध्यभागी, पॅय्यॅन्ने सरोवरातल्या एका बेटावर सॅय्नॅत्सालो नावाचे गाव आहे. प्लायवुडच्या कारखान्याभोवती वाढलेल्या या गावाची वस्ती सुमारे तीन हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीला नगरपालिकाही मिळावयाची नाही. या गावाने १९४९ साली आपल्या नगरभवनासाठी काही वास्तुशिल्प्यांना निमंत्रण देऊन स्पर्धा घेतली. तीत आल्व्हार आल्टो यांचा आराखडा निवडला गेला. आल्टो त्या काळी परदेशांतही नावाजलेले होते. परंतु या गावाला ते परके नव्हते. जवळच्याच यूवॅस्क्यूलॅ शहरात त्यांचे शालेय शिक्षण झाले होते, तेथेच १९२३ साली त्यांनी आपला व्यवसाय सुरू केला होता, आणि या बेटाच्या वस्तीचा आराखडाही त्यांनी स्पर्धेपूर्वी काही वर्षे तयार केला होता. तेथला उतार, तेथली झाडे आणि तेथला लांबलचक हिवाळा त्यांच्या परिचयाचा होता.

१९५२ साली पूर्ण झालेली ती इमारत लाल विटांची आहे. मध्ये अंगण, आणि त्याभोवती कचेऱ्या, वाचनालय व काही बिऱ्हाडे. पायासाठी खणलेली माती वाया न घालविता तिनेच हे अंगण एक मजला उंच उचलले आहे. रस्त्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर दुकाने आणि बँक यांची सोय केली होती. त्यांच्या भाड्याने उत्पन्न मिळावे, आणि पुढे कचेरीचा पसारा वाढल्यास ती जागा आपल्याच कामी यावी, अशी त्यामागे दूरदृष्टी होती. सर्वांहून उंच आहे ते सभागृह. एवढ्याशा गावाला एवढ्या उंच विटांच्या भिंती कशाला, असा आक्षेप सभासदांनी घेतल्याचे सांगतात. आणि त्यावर, इटलीतल्या सिएना शहराचे जगप्रसिद्ध सभागृह सोळा मीटर उंच आहे, तेव्हा आपण सतरा मीटरचे बांधू, असे उत्तर आल्टो यांनी दिल्याची आख्यायिका आहे. उत्तरात विनोद आहे, पण त्यात एक मर्मही आहे. गाव लहान असले तरी गावाचा कारभार लहान नसतो, आणि जेथे गाव आपले निर्णय घेते ती जागा गावातल्या गोदामाहून वेगळी दिसली पाहिजे.

स्पर्धा ही निवडीची पद्धत अशी गुणकारी असली, तरी तिला पथ्ये आहेत. परीक्षकांत निदान निम्मे जाणते वास्तुशिल्पी असावेत. त्यांची नावे आधी जाहीर व्हावीत. आराखड्यांवर कर्त्याचे नाव नसावे. निमंत्रितांना त्यांच्या श्रमाचा काही मोबदला मिळावा. आणि प्रथम आलेल्यालाच काम देण्याचे वचन असावे. याशिवाय ज्याचे काम पसंत पडले तो ते पार पाडू शकेल काय, हेही पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या संगीतगृहाची स्पर्धा १९५७ साली डेन्मार्कच्या यॉर्न उट्झॉन यांनी २३३ आराखड्यांतून जिंकली. परंतु छपराची रचना गणिताने सिद्ध होण्यापूर्वीच, १९५९ साली, सरकारने बांधकामाची घाई केली. सत्तर लाख डॉलरांचा अंदाज दहा कोटींच्या वर गेला, १९६६ साली उट्झॉन काम सोडून गेले, आणि इमारत १९७३ साली उघडली. इमारत जगाने वाखाणली. पण एवढा धक्का सोसण्याची ऐपत लहान नगरपालिकेला नसते. नकाशे पुरे होण्यापूर्वी कुदळ मारावयाची नाही, हा धडा तिने त्यावरून घ्यावा.

ज्यांना स्पर्धेचा व्याप झेपत नाही, त्यांच्यासाठी दोन लिफाफ्यांची पद्धत आहे. पहिल्या लिफाफ्यात वास्तुशिल्प्याचा अनुभव, पूर्वीची कामे आणि या कामाविषयीचा विचार, दुसऱ्यात शुल्क. पहिल्याचे गुण देऊन झाल्याखेरीज दुसरा उघडावयाचा नाही. समजा, गुणवत्तेला ८० आणि शुल्काला २० असे वजन ठेवले. वरच्या हिशेबातल्या ४० लाखवाल्याला गुणवत्तेत शंभरापैकी ९० आणि २० लाखवाल्याला ६० गुण मिळाले. शुल्कात कमी मागणाऱ्याला पूर्ण १००, आणि दुप्पट मागणाऱ्याला ५०. वजनाप्रमाणे बेरीज केली असता पहिल्याचे ८२ आणि दुसऱ्याचे ६८ होतात. येथे स्वस्ताईला मान आहे, पण मुजरा नाही. आणि हिशेब तपासनीसासमोर ठेवावयास आकडेही आहेत.

कायद्याची एक बाजूही ध्यानात ठेवावी. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ हे अभिधान लावता येते. मात्र हा निर्बंध अभिधानापुरता आहे, नकाशे करण्याच्या व्यवसायावर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. म्हणजे समोर नकाशे घेऊन आलेला मनुष्य नोंदणीकृत आहे असे गृहीत धरून चालत नाही. नोंदणी तपासून पाहणे हे नगरपालिकेचेच काम ठरते.

परंतु कोणत्याही गुणपत्रिकेहून अधिक बोलकी असते ती वास्तुशिल्प्याची जुनी इमारत. मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीसाठी स्टीव्हन्स आणि चिझम या दोघांचे आराखडे विचारात होते. त्यांतल्या स्टीव्हन्सची निवड झाली आणि इमारत १८९३ साली पूर्ण झाली. याच स्टीव्हन्सचे बोरीबंदरचे रेल्वे स्थानक तेव्हा समोरच उभे होते. लहान गावाच्या समितीला इतके सोपे भाग्य लाभत नाही. तिला गाडी करून जावे लागते. जावे, आणि पाच वर्षांपूर्वी बांधलेली इमारत पावसाळ्यात पाहावी. उद्‌घाटनाची छायाचित्रे पाहू नयेत. तेथल्या चौकीदाराला विचारावे की पाणी कोठे गळते, कोणत्या खोलीत कोणी बसावयास तयार नसते, आणि वास्तुशिल्पी काम चालू असताना किती वेळा येत असे. आल्टो यांच्या कचेरीतल्या एलिसा मॅकिनिएमी या तरुण वास्तुशिल्पी सॅय्नॅत्सालोच्या कामावर देखरेखीला होत्या. देखरेख हा कराराचा भाग असला आणि तिचे वेगळे शुल्क ठरलेले असले, तरच नकाशातली इमारत भूमीवर उतरते.

सॅय्नॅत्सालोच्या कथेचा शेवट लक्षात घेण्याजोगा आहे. १९९३ साली ती नगरपालिका यूवॅस्क्यूलॅ शहरात विलीन झाली. ज्या सभागृहाच्या उंचीवर वाद झाला होता, त्यात बसणारी परिषदच उरली नाही. वाढत्या कचेरीसाठी राखलेल्या जागेचा हिशेबही चुकला. इमारत मात्र उभी आहे, आणि ती पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक त्या बेटावर जातात. आपल्याकडेही नगरसेवकांची मुदत पाच वर्षांची, आणि मुख्याधिकाऱ्याची बदली त्याहून लवकर होते. ठराव करणाऱ्यांची नावे कोनशिलेवर चुन्याखाली झाकली जातील; त्या दारातून दाखला मागण्यास येणारा माणूस मात्र येतच राहील. सभेच्या अखेरच्या पाच मिनिटांत जो विषय उरकला जातो, तो खरे तर त्या माणसाचा विषय असतो.