दादरची ओळ तासाला १२० वेळा कोणी पाहिली?

आजची पोस्ट जरा पदरमोडीची आहे, कारण यात माझा तीन आठवड्यांचा डेटा वाया गेलाय.

माझ्या पीएचडीच्या कामासाठी मी एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप लिहिलंय. खानदेशातल्या १२ बाजार समित्या, प्रत्येकीचे १५ जिन्नस, म्हणजे १८० ओळींची भावांची यादी. दर ३० सेकंदांनी अ‍ॅप नवे भाव आले का ते बघतं. शेतकरी कोणते भाव खरोखर पाहतो, हा माझा प्रश्न. म्हणून कोणती ओळ पडद्यावर आली त्याची नोंदही ठेवतं. देवपुरातल्या एका कृषी केंद्राच्या काउंटरवर मी एक जुना फोन ठेवला, पडदा कायम चालू.

तीन आठवड्यांनी नोंदी उघडल्या. दादर ज्वारीची ओळ एका तासात १२० वेळा 'पाहिली' गेलेली. कापसाची १२०. अगदी तळाशी असलेल्या तिळाचीही १२०, आणि तिथवर कोणी बोट सरकवत जात असेल असं मला वाटत नाही. दुपारी शटर खाली असतं त्या तासातही १२०! दुकानदार काका तर पहिल्या दिवसापासून विचारत होते, "भाऊ, हाई यादी नाचस कसाले?" फोन तापतो, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, जुना फोन आहे, चालायचंच.

आता हिशेब बघा. तासाला ६० मिनिटं, मिनिटाला दोन वेळा: १२०. मोजणी शेतकऱ्याची नव्हतीच, माझ्या टायमरची होती.

अँड्रॉइडमध्ये लांब यादीसाठी रिसायकलरव्ह्यू वापरतात. तो २०१४ पासून आहे. पडद्यावर ९ ओळी मावत असतील तर तो ९ आणि वर थोड्या एवढ्याच ओळी तयार ठेवतो. वर सरकून गेलेली ओळ पुसायची, नवा मजकूर भरून खाली लावायची. लग्नाच्या पंगतीत ताटं धुऊन पुढच्या पंगतीला लावतात ना, तसंच. मजकूर भरण्याच्या या कामाला 'बाइंड' म्हणतात, आणि मी 'ओळ दिसली' ही नोंद त्या बाइंडमध्येच लिहिली होती.

मग तळातली तिळाची ओळ कशी भरली गेली? तर यादीच्या वर तारीख आणि शोधपट्टी हवी म्हणून मी सगळंच एका नेस्टेडस्क्रोलव्ह्यूमध्ये घातलं होतं, आणि यादीची उंची 'मजकुराएवढी' ठेवली होती. असं केलं की यादीला वाटतं आपल्याला हवी तेवढी जागा आहे, आणि ती १८० च्या १८० ओळी एकदम मांडते. पुनर्वापर संपला.

त्यावर मी दर ३० सेकंदांनी नोटिफायडेटासेटचेंज्ड हाक मारत होतो. तिचा अर्थ: काय बदललं ते माहीत नाही, सगळं परत कर. यादी जुन्या ओळी मोडीत काढते, पण एका प्रकारच्या फक्त ५ ओळी जपून ठेवायची तिची मूळ मर्यादा असते. उरलेल्या १७५ नव्याने बांधायच्या. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हे होणं शक्यच नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग' चालू केलं तेव्हा दर अर्ध्या मिनिटाला एक उंच खांब हिरव्या रेषेच्या कितीतरी वर जाताना दिसला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

दुरुस्ती सोपी वाटली. बाहेरचा स्क्रोल काढला, तारीख आणि शोधपट्टी यादीचीच पहिली ओळ केली. हाक काढून लिस्टअ‍ॅडॉप्टर घेतला. त्याच्या आतलं डिफयुटिल जुनी आणि नवी यादी ताडून फक्त फरक सांगतं. त्यामागे यूजीन मायर्स यांची १९८६ ची पद्धत आहे. तिची गंमत अशी की फरक जितके कमी तितकं काम कमी, मग यादी लांब का असेना.

तरीही बाइंडच्या लॉगमध्ये दर वेळी दिसणाऱ्या सगळ्या ओळी येतच राहिल्या. अर्धी रात्र त्यात गेली.

डिफयुटिल दोन प्रश्न विचारतं. ही तीच ओळ आहे का? आणि तिच्यातला मजकूर तोच आहे का? पहिल्याचं उत्तर बाजार समिती अधिक जिन्नस असं मी बरोबर दिलं होतं. दुसऱ्यासाठी दोन ऑब्जेक्ट सरळ ताडली होती. कॉटलिनचा डेटा क्लास ताडताना कंसातली प्रत्येक गोष्ट बघतो, आणि माझ्या कंसात भावासोबत 'केव्हा आणलं' ही वेळही होती. भाव तोच, वेळ नवी. म्हणजे डिफयुटिलच्या हिशेबात १८० च्या १८० ओळी बदललेल्या! ती वेळ ओळीतून काढून वरच्या तारखेशेजारी नेली आणि लॉग शांत झाला. भाव बदलला तरच ओळ हलते. कंपोज किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरणाऱ्यांनीही हीच जागा आधी तपासावी: ओळीची ओळख कशावरून ठरते आणि 'तोच मजकूर' कशाला म्हणताय.

नोंदीचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. रिसायकलरव्ह्यू बोट सरकत असतानाच पुढची ओळ आधी भरून ठेवतो, ती कोणी पाहो न पाहो. म्हणून नोंद आता बाइंडमध्ये नाही. सरकणं थांबल्यावर कोणत्या ओळी पूर्ण दिसताहेत ते विचारून लिहितो. आणि तेही तासभर कोणी हात न लावलेल्या फोनवर नाही, शेवटच्या स्पर्शानंतर थोडाच वेळ.

जुन्या नोंदी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्यात, प्रबंधात त्या येणार नाहीत. काउंटरवरचा फोन सोमवारी परत ठेवलाय. काकांनी हात लावून बघितला आणि म्हणाले, गार आहे.