स्वस्त विद्युत्-गिटारीची पारख

मिरजेस तंबोरा विकत घ्यावयास गेलेला मनुष्य प्रथम भोपळ्याकडे पाहतो. तो केवढा आहे, कोठें तडकलेला तर नाहीं, टिचकी मारली असतां कसा बोलतो, हें सारें तो पारखून घेतो. आणि तें योग्यच आहे, कारण तंबोऱ्याची आंस भोपळ्यावर अवलंबून असते. हाच मनुष्य उद्यां आपल्या मुलीसाठीं विद्युत्-गिटार घ्यावयास निघाला, तर ही जन्माची पारख त्याच्या फारशी उपयोगीं पडणार नाहीं. जिला भरीव अंगाची गिटार म्हणतात तिला पोकळ पेटीच नसते. पावणेदोन इंचांच्या आसपास जाडीची लांकडी फळी, तिला जोडलेली दांडी, दांडीवर पक्के बसविलेले पडदे आणि त्यांवरून ताणलेल्या सहा पोलादी तारा, एवढाच तिचा संसार.

मग आवाज येतो कोठून? तारांच्या खालीं पिकप बसविलेला असतो. त्यांत लोहचुंबक असून त्याच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें, वेढ्यांत अतिशय क्षीण असा वीजप्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ॲम्प्लिफायरमध्यें जाऊन बळकट होतो. म्हणजे वाद्याचा अर्धा आवाज गिटारींत आणि अर्धा शेजारच्या पेटींत आहे. सगळे पैसे गिटारीवर खर्चून ॲम्प्लिफायर म्हणून हातीं लागेल तें खोकें घेणारा मनुष्य अर्धेंच वाद्य घरीं आणतो.

स्वस्त गिटारीचा प्रश्न ह्या वाद्याइतकाच जुना आहे. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५० सालीं भरीव अंगाची गिटार कारखान्यांत बनवून विकावयास काढली आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर या नांवानें प्रसिद्ध झाली. फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. त्यांनीं दांडी सरसानें न चिकटवितां चार स्क्रूंनीं आवळली. आजच्या बहुतेक स्वस्त गिटारी ह्याच रीतीनें जोडतात. स्क्रू दिसले म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं लेस पॉल या वादकाच्या नांवाची महाग गिटार काढली आणि १९५४ सालीं तिची धाकटी बहीण ‘ज्युनियर’ विद्यार्थ्यांसाठीं बाजारांत आणली. ती स्वस्त करतांना काय वगळलें, हें पाहण्याजोगें आहे. मेपलचा कोरीव माथा गेला, सोनेरी रंग गेला, दोहोंपैकीं एक पिकप गेला. महोगनीची दांडी राहिली आणि तारांची लांबीहि तीच राहिली. पुढें लेस्ली वेस्ट यांच्यासारख्या नामांकित वादकानें हीच विद्यार्थ्यांची गिटार मोठमोठ्या जलशांत वाजविली.

उलट प्रकारची काटकसरहि बाजारांत पुष्कळ दिसते. तीन पिकप, आरशासारखा रंग, स्वर हेलकावणारा दांडा, सारें कांहीं असतें. पडदे मात्र वेडेवांकडे ठोकलेले. अशी गिटार घरीं आली म्हणजे मुलीचीं बोटें दुखतात, स्वर जुळत नाहीं, आणि तिला वाटतें कीं आपल्यालाच कान नाहींत. दोन महिन्यांत गिटार कपाटावर चढते. दोष वाद्याचा आणि शिक्षा मुलीला, असा हा प्रकार आहे.

म्हणून दुकानांत रंगाआधीं दांडी पाहावी. गिटार बंदुकीसारखी डोळ्याशीं धरून दांडीच्या कडेनें नजर टाकावी. किंचित् बांक असल्यास चिंता नाहीं. आंत लोखंडी सळई असते, ती फिरवून कारागीर तो बांक काढतो. परंतु दांडी पिळवटलेली असेल तर गिटार खालीं ठेवावी आणि किंमत कितीहि उतरली तरी पुन्हां उचलूं नये. नंतर तळहात दांडीच्या दोन्ही कडांवरून फिरवावा; पडद्यांचीं टोंकें टोंचतां कामा नये. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. कोठें खरखर झाली वा स्वर मध्येंच दबला, तर पडदे समपातळींत नाहींत. हें काम कंटाळवाणें आहे आणि दुकानदारहि कंटाळतो, पण तें सोडूं नये.

स्वरमेळाची परीक्षा बाराव्या पडद्यावर होते. तेथें तारेचा बरोबर मध्य येतो. बोट नुसतें टेंकवून काढलेला स्वर व दाबून काढलेला स्वर एकच आला पाहिजे. न आल्यास लगेच निराश होऊं नये. घोडीवरील स्क्रू फिरवून तारेची लांबी कमीजास्त करतां येते. खुंट्यांपाशीं असलेल्या खांचदार पट्टीकडेहि लक्ष द्यावें. तार उतरते तेव्हां सारे खुंट्यांना दोष देतात. पुष्कळदां तार त्या खांचेंत अडकत असते, आणि पेन्सिलीचें शिसें घासलें तरी काम भागतें.

अंगाचें लांकूड पॉप्लरचें कीं अल्डरचें, हा वाद जाणते अद्यापि घालतात; पहिली गिटार घेणाऱ्यानें त्यांत पडूं नये. एक गोष्ट मात्र मौजेची आहे. २०१७ सालीं शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्यें सूट मिळाली खरी, पण तोंपर्यंत कित्येक स्वस्त गिटारींच्या पडद्यांखालची पट्टी ‘इंडियन लॉरेल’ नांवाच्या लांकडाची होऊं लागली होती. हा परदेशी पाहुणा म्हणजे सह्याद्रींतला आपला ऐन.

हेलकावणारा दांडा स्वस्त गिटारींत शक्य तों नसावा; तो दाबल्यावर तारा पूर्वस्थळीं परत येतीलच असें नाहीं. एकेरी वेढ्यांचा पिकप विजेच्या तारांजवळ थोडा गुणगुणतो, तो त्याचा स्वभाव आहे. दुहेरी वेढ्यांच्या पिकपांत एका वेढ्यांतली गुणगुण दुसरा वेढा खोडून टाकतो. कोणता घ्यावा हें कानानें ठरवावें. बटणें फिरवितांना करकर होत नाहीं ना, एवढें मात्र पाहावें. शेवटीं थोडे पैसे कारागिरासाठीं राखून ठेवावे: नव्या तारा चढवून, त्यांची उंची बेतानें उतरवून, मगच गिटार मुलीच्या हातीं द्यावी.