कळलावी : देखणी, औषधी, पण विषारी

पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा कंद वापरत, म्हणून हे नाव. तमिळनाडूत तारांवर वेल चढवून बियांसाठी तिची शेती होते. बियांतील कोल्चिसीन ‘गाऊट’ या सांधेदुखीवर उपयोगी पडते. मात्र औषध आणि विष यांच्या मात्रेत अंतर फार थोडे. रताळे समजून कंद खाल्ल्यास काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबले तरी धोका टळत नाही. पुढच्या दिवसांत मूत्रपिंड, हृदय, अस्थिमज्जा निकामी होऊ शकते. त्यामुळे घरगुती उपायांत वेळ न घालवता, उरलेला कंद सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.