शिबिरासाठी लहान चाकू

शिबिरास जाणाऱ्याच्या सामानात एक लहानसा चाकू असतोच. कांदा चिरणे, फळ कापणे, दोरी तोडणे ही सारी कामे त्यालाच करावी लागतात. असा चाकू निवडताना पुष्कळांचे लक्ष मुठीच्या नक्षीकडे जाते. परंतु त्याचा खरा गुण ठरतो तो पात्याच्या पोलादावरून.

पोलाद म्हणजे लोखंड व अल्पसा कर्ब यांचा मिश्रधातू होय. चाकूच्या साध्या पोलादात कर्ब सामान्यतः शेकडा एकच्या आसपास असतो. लाल तापवून एकदम थंड केले असता, म्हणजेच पाणी दिले असता, हे पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळही बनते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात; त्यामुळे त्यास चिवटपणा येतो. चाकूने चुलीतील निखारे ढवळणे का अयोग्य आहे, हे यावरून ध्यानात येईल. पाते फार तापले की पाणी उतरते. मग कितीही घासले तरी धार टिकत नाही.

साध्या पोलादास धार चटकन लागते. मात्र लिंबू-टोमॅटोच्या आम्लाने ते काळवंडते आणि ओले राहिल्यास गंजते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर अत्यंत पातळ थर बनतो व तो गंजास अडवितो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा आपोआप तयार होतो. हेच स्टेनलेस स्टील.

अन्न चिरण्यास आठ-दहा सेंटिमीटर लांबीचे पातळ पाते पुरते. जाड पाते गाजर कापण्याऐवजी फोडते. चाकू मिटता असेल, तर उघडे पाते अडवून धरणारी योजना त्यास हवीच. फ्रान्समध्ये १८९० साली जोसेफ ओपिनेल यांनी बनविलेल्या चाकूच्या घडणीत १९५५ साली अशाच हेतूने फिरते कडे बसविण्यात आले. मिटत्या चाकूच्या सांध्यात अन्नकण अडकतात, म्हणून तो धुऊन कोरडा करावा. कच्चे मांस कापल्यावर साबणाने धुतल्यावाचून त्याच चाकूने कोशिंबीर चिरू नये.

बोथट चाकू निर्धोक असतो, ही समजूत चुकीची आहे. त्यावर अधिक जोर द्यावा लागतो आणि तो निसटून बोटावर येतो. रानात तर वैद्यही जवळ नसतो. नित्य पुसून तेलाचा हात देणाऱ्याने साधे पोलाद घ्यावे, इतरांनी स्टेनलेस. निसणा मात्र दोघांनीही जवळ बाळगावा.